दोनशे पन्नासच्या जागी पाचशे

४ मार्च, मंगळवार

नाही म्हणाला. सरळ तोंडावर — नाही!

डॉक्टरीणबाई चांगलं समजावत होत्या. डाव्या कानामागची गाठ तीन वर्षांपूर्वी काढली, तेव्हा तो कान गेला. आता तशीच गाठ उजवीकडे. वाढतेय, मेंदूच्या देठाला टेकलीय. काढायलाच हवी. काढली तर कानाची शीर वाचणार नाही. "म्हणजे ठार बहिरा?" दादानं विचारलं. "हो," त्या म्हणाल्या. आडपडदा नाही. मला ते बरंही वाटलं आणि त्यांचा रागही आला. "आणि नाही काढली तर?" "तर वर्ष निघणं कठीण आहे." दादानं टेबलावरचा पेपरवेट गरागरा फिरवला, तो थांबेपर्यंत बघत बसला आणि म्हणाला, "मग नको."

वहिनी रडली नाही. पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी घातली, परत पर्समध्ये ठेवला.

बाहेर लिफ्टपाशी मी त्याला झाप झाप झापलं. लोक बघत होते. बघू देत! जन्मभर गिटार वाजवली म्हणून काय जीव द्यायचा? माणसं बहिरी होऊन जगत नाहीत का? हा आपला शांत. माझ्या डोक्यावर टपली मारली (सेहेचाळीसची घोडी झाले मी!) आणि म्हणाला, "ठमे, तुझी कंपनी ॲम्पची सोंगं करते ना? माझ्या ॲम्पचं कर. तो आवाज एकदा कानात पडू दे. मग काय कापायचं ते कापा."

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत.

७ मार्च, शुक्रवार

मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे आमचे विभागप्रमुख — पूर्वी कॉलेजात शिकवायचे, अजूनही समोरच्याचं वाक्य मध्येच दुरुस्त करतात. आज मात्र गप्प ऐकून घेतलं. म्हणाले, "चाचणीचा डबा वापर. दुपारच्या सुट्टीत. आणि मला मधून मधून ऐकवत जा."

डबा म्हणजे आमचा माल. पुस्तकाएवढा. एका बाजूनं गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूनं हेडफोन नाहीतर स्पीकर, आणि पोटात गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या जुन्या जुन्या ॲम्पची सोंगं. खरा ॲम्प उचलताना कंबर मोडते, तापायला वेळ लागतो, शेजारी भांडायला येतात. आम्ही त्याचा एकेक भाग मोजतो आणि आकड्यांना त्याच्यासारखं वागायला शिकवतो. लोकांना वाटतं सगळी जादू आतल्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये. असते, पण अर्धी. उरलेली अर्धी ट्रेबल, मिड आणि बेसच्या बटणांमागे बसलेल्या तीन कपॅसिटरांत. दिसायला हे वाटाण्याएवढे. काम एवढंच, की कुठला आवाज पुढे सोडायचा आणि कुठला अडवायचा. ट्रेबलचा लहान असला तर फक्त बारीक, कुरकुरीत आवाज सुटतो. मोठा घातला की मधला जाडसर आवाजही त्याच्यामागून घुसतो. शिवाय तिघेही एकमेकांत अडकलेले. एकाला हात लावला की बाकीचे दोघे रुसतात. आमच्या घरासारखंच.

दादाच्या ॲम्पच्या जोडणीचा नकाशा मिळाला. ट्रेबलच्या कपॅसिटरचं माप दोनशे पन्नास. सोपं काम आहे, चार दिवसांत होईल असं आत्ता तरी वाटतंय.

९ मार्च, रविवार

दादाकडे जाऊन आले.

त्याचा ॲम्प बाल्कनीत, प्लास्टिकच्या कागदाखाली. दोन वर्षांपूर्वी सगळे गावाला गेले असताना माळ्यावरची पाण्याची नळी फुटली आणि बिचारा आठवडाभर पाण्यात बसला. लाकूड फुगलं, स्पीकरचा कागद कुजला, ट्रान्सफॉर्मर गेला. दुरुस्त व्हायच्या पलीकडे. वहिनीनं किती वेळा भंगारवाल्याला बोलावलं, आणि किती वेळा दादानं त्याला जिन्यातूनच वाटेला लावलं! या ॲम्पवर त्यानं हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलं, ऑर्केस्ट्रात वाजवलं, स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवलं. त्याचं नाव कुठेच छापून आलं नाही. पण वाजवणारे दोन सूर ऐकून सांगायचे, हा तोच.

डब्यात नकाशाप्रमाणे सगळं भरून नेलं होतं. त्यानं मान तिरकी करून उजवा कान स्पीकरकडे धरला आणि एक छोटीशी चाल वाजवली. मग मला म्हणाला, "कोण गं हा? सभ्य दिसतोय. बँकेत नोकरीला आहे का?"

वहिनी स्वयंपाकघरातून हसली. बऱ्याच दिवसांनी.

"छाती आहे," तो म्हणाला, "पण गळा नाही. माझ्या ॲम्पला गळा होता." मी लिहून घेतलं. गळा. आता हा गळा कुठल्या आकड्यात शोधायचा?

१२ मार्च, बुधवार

वहिनीचा फोन. सकाळी दात घासताना तोल गेला. बेसिनला धरलं म्हणून वाचला. "तुझं ते लवकर कर गं बाई."

१५ मार्च, शनिवार

डोकं भणभणलंय. आठवडाभर दुपारी जेवणाचा डबा एका हातानं खात दुसऱ्या हातानं आकडे हलवतेय. बेसचा कमी केला — आवाज हडकुळा. मिडचा वाढवला — नाकात बोलल्यासारखा. जुन्या कपॅसिटरांचे आकडे वयानुसार सरकतात, म्हणून दहा टक्के इकडे तिकडे करून बघितले. प्रत्येक वेळी आवाज चांगला येतो. चांगला! पण मला चांगला नकोय, मला त्याचा हवाय.

आणि आज संगणकासमोर बसल्या बसल्या एकदम लख्ख कळलं की मी काय करतेय. हा आवाज सापडला, की तो टेबलावर झोपणार आणि उठेल तेव्हा त्याला काही ऐकू येणार नाही. नाही सापडला तर... ते लिहवत नाही. घाई कशाची करतेय मी? पण केलीच पाहिजे ना. उठून तोंडावर पाणी मारून आले.

१६ मार्च, रविवार

खोटं बोलले. पकडली गेले.

कालचाच आवाज, दोन आकडे बदलून नेला. आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "दादा, हे तंतोतंत आहे. मोजून केलंय. मशीन खोटं बोलत नाही." त्यानं वाजवलं. डोळे मिटले. वहिनी दारात हात पुसत उभी, माझ्याकडे टक लावून. मीही तिच्याकडे. त्या क्षणी आम्ही दोघी चोर होतो.

"ठमे," तो म्हणाला, "लहानपणी माझी सायकल तू मोडलीस आणि मांजरानं मोडली म्हणून सांगितलंस. तेव्हाही तुझा आवाज असाच वर चढला होता."

मग मी चिडले. मग तोही चिडला. "मला फसवून नेणार का तिथे? सरळ भूल देऊन न्या ना!" गिटार सोफ्यावर ठेवून आत गेला. भिंतीला हात लावत लावत गेला. आतापर्यंत असा कधी चालत नव्हता.

जिन्यात वहिनी मागून आली. म्हणाली, "मला बहिरा चालेल. मुका, आंधळा, कसाही चालेल. असू दे फक्त." आणि झटकन वर गेली. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "पाणी देऊ का?" मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, मलाच कळलं नाही.

२० मार्च, गुरुवार

सापडलं! सापडलं!!

गेल्या रविवारी निघताना ॲम्पचा सांगाडा रिक्षात घालून आणला होता — खरं तर रागानं, काहीतरी घेऊन निघायचं म्हणून. आज दुपारी बाकावर ठेवून ब्रशनं त्याचा वाळलेला चिखल काढत होते. ट्रेबलच्या बटणामागे भिंग धरलं, आणि तिथे नकाशातला कपॅसिटर नव्हताच. दुसराच, जाडसर, तपकिरी, वेगळ्या हाताच्या सोल्डरनं लावलेला. वरचे आकडे पुसट झालेले. काढून मोजला. पाचशे! दोनशे पन्नासच्या जागी पाचशे!

लगेच दादाला फोन. तो दोन मिनिटं आठवत राहिला आणि मग हसायलाच लागला. "अगं हो! मी नवा होतो तेव्हा. कार्यक्रमाच्या दिवशी आवाज बंद पडला. मिस्तरीकडे तसला नव्हता. म्हणाला, आज हा टाकतो, उद्या येऊन बदलून घ्या. कोण जातंय उद्या!"

म्हणजे ज्याला जन्मभर लोक दादाचा आवाज म्हणाले, तो एका घाईतल्या मिस्तरीच्या खणात जे हाताला लागलं त्याचा आवाज. दुप्पट मोठा, म्हणून मधला जाड आवाज आत शिरला. तोच गळा. आणि मी दोन आठवडे नकाशाभोवती दहा टक्क्यांनी घुटमळत होते. या धंद्यातले आम्ही सगळे असेच — समोर वस्तू पडलेली असते आणि आम्ही तिचा कागद वाचतो. मास्तरांना दाखवलं. त्यांनी तो कपॅसिटर तळहातावर घेतला आणि पहिल्यांदाच काही दुरुस्त केलं नाही.

आज जेवणाला चव होती.

२३ मार्च, रविवार

पाचशे घालून नेलं.

पहिल्या सुरालाच त्याची मान वर झाली. तसा चेहरा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "आला! गळा आला!" वाजवत सुटला. वहिनीनं गॅस बंद केला आणि येऊन भिंतीला टेकली. तो आवाज मलाही ओळखीचा होता. मी शाळेत असताना शेजारच्या खोलीत तो असाच वाजवायचा आणि मी अभ्यास होत नाही म्हणून दारावर लाथा मारायचे.

मग थांबला. "वरचं थोडं वाढव. तारेला नख लागतं ना, ते ऐकू येत नाही."

वाढवलं. "अजून." अजून वाढवलं. "अजून गं, घाबरतेस काय?" मी ट्रेबल चढवत गेले. वरचे सूर काचेवर खिळा ओढावा तसे यायला लागले. वहिनीनं न कळत कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघून पटकन खाली घेतले. आणि दादा हसत होता. "हं, आता जवळ आलं! अजून थोडं."

तेव्हा मला कळलं. वरचे सूर डब्यात होते. त्याच्या कानात नव्हते. तेवढे आधीच गेलेत, आणि त्याला माहीत नाही.

मी म्हटलं, "आज एवढंच. डबा तापलाय." डबा कधी तापत नाही. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तोंड बाहेर वळवून घर येईपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं नुसती पिशवी सरकवून मला नीट बसायला जागा करून दिली.

२७ मार्च, गुरुवार

मास्तरांना दादाच्या पसंतीचा आवाज ऐकवला. त्यांनी हेडफोन झटक्यात ओढून काढले. "अगं कान फाटले माझे! हे काय केलंस?"

सांगितलं सगळं. मास्तर खुर्ची ओढून बसले. मग हळूच, जरा घुटमळत म्हणाले, "मग त्याच्या कानाला जसा हवा तसाच कर. आपल्या कानांचं जाऊ दे." आणि कपाटातून प्रवासाचा डबा काढून दिला, बॅटरीवरचा, अजून बाजारात न आलेला. "सही वगैरे नको. घेऊन जा."

३० मार्च, रविवार

गेले होते. वाजवणं झालं नाही. सकाळपासून उलट्या, डोकं ठणकतंय, पडदे ओढून झोपला होता. मी पाय चेपत बसले. मध्येच म्हणाला, "डबा आणलायस?" आणलाय म्हटलं. "राहू दे आज. अशा डोक्यानं ऐकून वाया घालवायचा नाही." आणि भिंतीकडे वळला.

२ एप्रिल, बुधवार

काय बोलले मी आज! जीभ झडली असती तर बरं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं होतं. गाठ आणखी वाढलीय. पुढच्या गुरुवारची वेळ राखून ठेवलीय म्हणाल्या, त्यानंतर त्यांनाही खात्री देता येणार नाही. दादाचं आपलं तेच पालुपद. "आवाज पूर्ण झाला की." मी म्हटलं झालाय, तूच हट्टाला पेटलायस. म्हणाला, "नाही झाला. वरचं नाही." माझा तोल गेला. तिथेच, नंबर लावून बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर ओरडले, "वरचं तुझ्या कानातच नाहीये! कितीही वाढवलं तरी येणार नाही! मर मग त्याची वाट बघत!"

तो माझ्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "कधीपासून?"

"माहीत नाही."

"मग तू वाढवत होतीस ते..."

"सगळ्यांचे कान फुटत होते."

त्यानं वहिनीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. "मला सांगायचं तरी," तो म्हणाला. रागावून नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

६ एप्रिल, रविवार

काल रात्री पडला. दवाखान्यात दाखल केलंय. वॉर्डाच्या कोपऱ्यातली खाट, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या दिसतात. वहिनी स्टुलावर. कालपासून पोटात काही नाही तिच्या. मी बिस्किटं दिली तर पदरात धरून बसली.

अजून हो म्हणत नाही. हट्टही करत नाही. त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याचं काही काढलं नाही. निघताना मीच म्हटलं, "दादा, चुकले रे." "कशात?" म्हणाला. "खरं तेच बोललीस." मग म्हणाला, "एकदा ऐकायचा होता गं. एवढंच. माझा म्हणून एकदा. मग कान बंद करून घ्यायचे, आपण होऊन."

मी म्हटलं, "बुधवारी आणते. शपथ."

८ एप्रिल, मंगळवार

रजा टाकली नाही, पण कंपनीचं काही कामही केलं नाही. मास्तर बघून न बघितल्यासारखं करत होते.

आज कान बाजूला ठेवले — माझे आणि त्याचेही. सांगाड्यातले तिन्ही कपॅसिटर साफ करून बाकावर पुन्हा जोडले, बटणांसकट. त्यातून वीज सोडून दिवसभर मोजणी. मग प्रवासाचा डबा शेजारी लावून त्याचीही मोजणी. एक रेघ खऱ्याची, एक डब्याची. दुपारपर्यंत दोन्ही वेगळ्या. संध्याकाळी एकमेकींवर बसल्या, केसभरही फट नाही. खरा आवाज, जसा होता तसा. वरचे सूर जेवढे होते तेवढेच. त्याला ऐकू येतील तेवढे येतील, उरलेले त्याला आठवतील. मास्तर मागे येऊन उभे राहिले, रेघा बघितल्या. "झालं की गं," म्हणाले. सहा वाजता सुरक्षारक्षक दिवे घालवत आला तेव्हा तशीच वायरी ओढून डबा पिशवीत टाकला आणि पळाले.

९ एप्रिल, बुधवार

हो म्हणाला.

सगळं लिहून ठेवते, विसरायचं नाही मला यातलं काही.

दुपारी भेटीच्या वेळेला गेले, एका खांद्यावर त्याची गिटार, दुसऱ्यावर पिशवी. दारावरचा माणूस म्हणे, "बाई, इथे वाजवायला परवानगी नाही." मी म्हटलं, "बाहेर आवाज येणार नाही, हेडफोन आहेत." त्यानं माझा अवतार बघितला आणि सोडलं. वहिनी स्टुलावर बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. दादा तिच्याकडेच बघत होता. मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. उठवू नको.

उशीला टेकवून बसवलं. गिटार मांडीवर दिली. डबा चादरीवर ठेवून वायरी जोडल्या. हेडफोन माझ्या गळ्यात होते, ते त्यानंच ओढून घेतले. "आण इकडे." नर्स मागून म्हणाली, "काका, पाच मिनिटं हं फक्त." तर वळून म्हणाला, "चारच पुरेत, सिस्टर." मी म्हटलं, "दादा, यात मी काही वाढवलेलं नाही. जसा होता तसाच आहे." त्यानं मान हलवली आणि हेडफोन कानांवर घेतले.

पहिली तार छेडली. थांबला. हात तसाच हवेत. माझ्याकडे बघितलं, किती वेळ बघितलं. म्हटलं, गेलं, हेही चुकलं. काय होतं माझ्या तोंडावर, देव जाणे. मग त्यानं वहिनीकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि वाजवायला लागला.

मला काही ऐकू येत नव्हतं. नुसती तारांची टिकटिक, कुणी नखानं टेबल वाजवावं एवढी. डब्यावरचे हिरवे दिवे त्याच्या हाताबरोबर नाचत होते. वाजवत राहिला. मध्येच मान डोलावली, जशी तो चांगलं जमल्यावर डोलावतो. गालावरून पाणी ओघळत होतं, पुसायला हात थांबवला नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसून बघत होता. शेवटचा सूर लांबवला, तार थांबेपर्यंत बोट दाबून धरलं.

हेडफोन काढले. म्हणाला, "हाच. हाच गं, ठमे." माझा हात हातात घेतला. "कसा काढलास?"

मी हमसून हमसून रडले. वहिनी दचकून जागी झाली, काय झालं, काय झालं! तो म्हणाला, "काही नाही. झालं माझं काम. बोलाव त्या बाईंना, कुठे सही करायची ते विचार."

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी नेलं आत. शेवटचं त्याच्या कानात काय घालायचं याचा विचार मी कालपासून करत होते. आणि ऐन वेळी तोंडातून काय निघालं? "चपला इथेच ठेवते रे, खाटेखाली." तो हसला. वहिनी त्याच्या उजव्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. काय ते मी विचारणार नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

वाचला.

२० एप्रिल, रविवार

घरी आणलं. डोक्याला टोपडं बांधलंय. त्यावरून स्वतःच स्वतःची टर उडवतो, पण फार मोठ्यानं बोलतो, आणि आपण हसलो की आपल्या तोंडाकडे नीट बघत राहतो, खरंच हसलो का म्हणून. सगळं पाटीवर लिहून सांगायचं. वहिनीचं अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट. "भाजी कोणती" लिहिलं तर त्यानं "भाची कोणती" वाचलं, यावर दोघांची खडाजंगी. ती पाटीवर भांडते, तो ओरडून. मला हसू आलं.

मागून हाक मारली, सवयीनं. "दादा!" तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी पुढे जाऊन खांद्याला हात लावला.

गिटारला अजून हात लावलेला नाही त्यानं. कपाटाच्या बाजूला उभी आहे. वहिनी म्हणाली, "तेवढं तरी झालं गं तुझ्यामुळे. जाता जाता त्याचा आवाज त्याला मिळाला. मी तर झोपून राहिले." घरी येताना मी तेच धरून होते. बाकी सगळं गेलं, पण तेवढं मी त्याला दिलं. नाहीतर हे दिवस निघाले नसते माझ्यानं.

२८ एप्रिल, सोमवार

मास्तरांनी डबा परत मागितला. वॉर्डातून आणल्यापासून पिशवीतच होता, कुणी हात लावला नव्हता. चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक लाल ठिपका — मोजणी सुरू.

मंगळवारची. घाईत बंद करायची राहिली, माझ्याकडून. मोजणी सुरू असली की आवाज फक्त संगणकाच्या वायरकडे जातो. दिवे नाचतात. हेडफोनला काही जात नाही. काही म्हणजे काहीच नाही.

त्याला त्या दिवशी ऐकू येत होतं. मागून बोललेल्या नर्सला उत्तर दिलं त्यानं. पहिल्याच तारेला कळलं असणार.

तरी शेवटपर्यंत वाजवलं, आणि मला म्हणाला, हाच.